गुलाल नसलेलं कपाळ

आक्का येईल की नाही, याची उदयसिंहाला शेवटपर्यंत खात्री नव्हती. थोरल्या मुलाच्या, पृथ्वीराजच्या तेराव्यानंतर ती बावड्याच्या या घरात आली नव्हती. पृथ्वीराजसाठी क्रांतीचं स्थळ तिनंच आणलेलं, तिच्या मलकापुरातलं. माहेरी गेलेल्या क्रांतीला आणायला पृथ्वीराज मोटरसायकल घेऊन निघाला आणि मलकापूरच्या अलीकडच्या वळणावर ट्रकखाली गेला. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर उदयसिंहाची बायको पूर्णिमा आपल्या या नणंदेला, धोंडुबाईला म्हणाली होती, “तुम्ही दिलेल्या पोरीनं माझा पोरगा नेला.” धोंडुबाई त्यावर एक शब्द बोलली नव्हती. पिशवी उचलून जी गेली, ती गेली. त्याला तीन वर्षं झाली.

आज शनिवारी दुपारी ती मलकापूरच्या एसटीतून स्टँडवर उतरली. तीच पिशवी, तोच डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. उदयसिंहानं गाडीचं दार उघडून धरलं.

“फोनवर नीट बोलला न्हाईस,” बसता बसता ती म्हणाली. “काय झालंय पूर्णिमाला?”

“झालं काय न्हाय, आक्का. बरी हाय. लई बरी हाय. तेच कळंना झालंय.”

“बरी हाय म्हणून मला बोलावलंस?”

उदयसिंहानं गाडी चालू केली नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून तो समोर बघत राहिला. हे सगळं कुठून सांगावं हे त्याला फोनवर सुचलं नव्हतं, आताही सुचत नव्हतं.

“तुला म्हाईत हाय ती कशी झालती. जेवणार न्हाय. धारंच्या वेळंला फाटकापाशी जाऊन बसणार, अंधार पडला तरी उठायची न्हाय. क्रांतीशी तर एक अक्षर न्हाय. मी वाडीला नेली, जोतिबाला नेली, डॉक्टरला दावली. गोळ्या चालू केल्या. काय फरक न्हाय. आणि दसऱ्यानंतर एकाएकी जेवायला लागली. झोपायला लागली. क्रांतीला हाक मारायला लागली.”

“मग चांगलं झालं की.”

“चांगलंच झालं. पर रविवारी सकाळी आवरून जायची. ‘जरा जाऊन येते’ म्हणायची. मी म्हटलं, देवळात जात असंल. धाकट्या कृष्णातला शंका आली, तो मागनं गेला.” उदयसिंह थांबला. “चर्चमधी जातीया आक्का ती. ख्रिस्ती लोकांच्यात.”

धोंडुबाईनं मान त्याच्याकडं वळवली. मग म्हणाली, “कुणी नेली?”

“मोना सिस्टर म्हणून एक हाय. दवाखान्यात नर्स हुती, आता रिटायर झाली. आपल्याकडनं दूध नेती.”

“काय दिलं बिलं का तिनं?”

“काय देणार? उलट हीच पावशेर दूध जादा घालती तिला.”

“आणि तू विचारलं न्हाईस?”

“विचारलं की.” उदयसिंहानं चावी फिरवली. “म्हणाली, ‘मला तिथं शांत वाटतं.’ आता ह्याच्यावर माणसानं काय बोलायचं, सांग. तीन वर्षं मी तेच मागत हुतो देवाकडं, हिला शांत वाटू दे म्हणून. आणि उद्या कृष्णातच्या लग्नासाठी घर बघायला कागलाकडचं पावणं यायचं हैत.”

तेव्हा कुठं धोंडुबाईला आपल्याला का बोलावलंय ते कळलं.

घरी आल्यावर फाटक उघडायला पूर्णिमाच पुढं आली. भावजयीला काय बोलायचं हे धोंडुबाईनं तीन वर्षं मनात घोळवून ठेवलं होतं, एसटीतसुद्धा एकदा म्हणून बघितलं होतं. पूर्णिमा वाकली, पाया पडली आणि उभी राहताना म्हणाली, “वन्सं, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. तुमचा काय दोष नव्हता. आत या.”

एवढंच. रडली नाही, गळ्यात पडली नाही. पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागली. धोंडुबाई फाटकातच उभी. जपून आणलेलं सगळं बोलणं तिच्याकडं तसंच शिल्लक राहिलं, आणि ते कुठं ठेवायचं ते तिला कळेना.

संध्याकाळी म्हशींच्या धारा आटोपल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसले. उदयसिंह, धोंडुबाई, कृष्णात. क्रांती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. पूर्णिमा खाली बसून मेथी निवडत होती.

कृष्णात एकोणतीस वर्षांचा. थोरला भाऊ गेल्यापासून गोठा आणि दुधाचा धंदा त्याच्यावर. दोन स्थळं घर बघून गेली होती आणि दोन्हींकडून पुन्हा फोन आला नव्हता. त्यानं सरळच विषय काढला.

“आई, उद्याचा एक रविवार जाऊ नको.”

“पावणं दुपारी यायचं हैत ना? मी त्याच्या आधी येते की.”

“येण्या-जाण्याचा प्रश्न न्हाय. गावात कुणी बघितलं, पावण्यांच्या कानावर गेलं, तर काय सांगायचं?”

“मी आपणहून काय सांगणार न्हाय,” पूर्णिमा म्हणाली. “पर कुणी विचारलं, तर खोटं बोलणार न्हाय.”

“आपल्या देवांनी काय कमी केलं?” उदयसिंह मधेच म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. गेले दोन महिने हेच त्याला विचारायचं होतं आणि आज बहीण शेजारी बसल्यामुळं ते तोंडातून निघालं.

पूर्णिमाचे हात थांबले. “कमी कुणी केलं न्हाय. तुम्ही मला कुठंकुठं नेलं, मला सगळं म्हाईत हाय. मीच कुठं ऐकत हुते?”

“मग तिथं काय ऐकलंस?”

“सांगायला यायचं न्हाय मला. तुम्ही हसशीला.”

“मी बघते, कोण हसतंय ते,” धोंडुबाई म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. “उद्या मी जाते हिच्यासंगं. काय खायला घालत्यात, काय शिकवत्यात, डोळ्यांनी बघते. मग बोलू.”

कृष्णातला वाटलं, आत्यानं बरोबर डाव टाकला. उदयसिंहालाही तसंच वाटलं. दाराशी उभ्या असलेल्या क्रांतीला मात्र वेगळंच वाटलं. आत्या सासूला तिथून परत घेऊन येईल, आणि परत आलेली सासू आताची असेल की आधीची, याची तिला भीती वाटली.

*

रविवारी सकाळी रिक्षातून उतरताना धोंडुबाईनं पदर नीट खोचला. चर्च जुनं, दगडी. बाहेर मोठी झाडं. आत जाताना काहीतरी परकं, साहेबी बघायला मिळणार अशी तिची तयारी होती. पण आत बायकांनी तिच्यासारखेच डोक्यावर पदर घेतले होते. समोर पेटी आणि तबला. पेटीवर बसलेला माणूस शेजारच्याला म्हणत होता, “काळी दोन घे की रं, परवा लई वर गेलतं.” आणि बोलण्यावरून तो गडहिंग्लजकडचा होता हे तिला लगेच कळलं.

मोना सिस्टर साठी उलटलेली, बारीक चणीची बाई. तिनं सरकून जागा दिली. धोंडुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

“हितं काय काय असतंय?” तिनं विचारलं.

“गाणी असतात, प्रार्थना असते, शास्त्रातलं वाचतात, मग पाळकसाहेब बोलतात.”

“नैवेद्य?”

“नाही.”

“मग देव जेवतो काय?”

मोना सिस्टरनं जरा विचार केला. “तोच आपल्याला जेवायला बोलावतो, असं आम्ही मानतो,” ती म्हणाली. हे उत्तर धोंडुबाईला अर्धंच कळलं, पण तिनं ते लक्षात ठेवलं.

पुढच्या टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं करून त्यात चार मेणबत्त्या उभ्या केल्या होत्या. एक छोटी मुलगी पुढं गेली. आईनं मागून हाताला हात लावून तिच्याकडून दोन मेणबत्त्या लावून घेतल्या. उरलेल्या दोन तशाच राहिल्या.

“वात संपली काय त्येंची?” धोंडुबाई कुजबुजली.

“त्यांची वेळ व्हायचीय, वन्सं,” पूर्णिमा हळू म्हणाली. “हा नाताळाच्या आधीचा काळ. आगमनाचा म्हणत्यात. दर रविवारी एक वाढवायची. गेल्या रविवारी आशेची लावली. ही आजची शांतीची.”

“म्हंजे सगळी वाट बघत बसल्यात?”

“व्हय.”

पाळकसाहेब साध्या मराठीत बोलले. शांती म्हणजे घरात भांडण नसणं नाही, संकट टळणंही नाही, असं म्हणाले. ज्या रात्री येशू जन्माला आला त्या रात्री त्याच्या आईला टेकायला खोलीसुद्धा मिळाली नव्हती, आणि तरीही ती रात्र शांतीची म्हणून सांगितली जाते. मग प्रार्थना झाली. आजाऱ्यांसाठी झाली, परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी झाली, कळंब्याच्या जेलमधल्या माणसांसाठी झाली.

धोंडुबाईनं एक डोळा उघडला. “जेलातल्यांसाठी पण?”

“त्यांच्यासाठी आधी,” मोना सिस्टर म्हणाली.

धोंडुबाईनं पूर्णिमाकडं पाहिलं. पूर्णिमाचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. चेहरा ओला होता. पण तेराव्याच्या दिवशी त्या चेहऱ्यावर जे होतं, दगडासारखं, ते कुठंच नव्हतं.

परत येताना रिक्षात धोंडुबाईला राहवलं नाही. “रडत हुतीस.”

“रडते की. रोज रडते. पर आता रडून झालं की जेवते.”

“असं काय सांगितलं त्या सिस्टरनं तुला? पहिल्या दिवशी काय बोलली ती?”

“काय बोलली न्हाय. दूध न्यायला आलती. मी फाटकापाशी बसलेली. ती शेजारी बसली, दूध तापवायचं सोडून. दुसऱ्या दिवशी पण तशीच बसली. आठवडाभर नुसती बसायची. मग मीच विचारलं, तुमच्या गळ्यातला तो क्रूस हाय, त्यावर मेला त्याला आई हुती का?”

धोंडुबाई ऐकत राहिली.

“हुती म्हणाली. आणि सांगितलं, पोर तान्हं असताना ती त्याला घेऊन मंदिरात गेली, तर तिथला एक म्हातारा म्हणाला, बाई, तुझ्या काळजातनं तलवार जाणार हाय. बघा वन्सं. बाळाचं तोंड बघायला आलेला माणूस असं बोलतो काय कधी? पर तिला आधीच सांगितलेलं. आणि तिनं ते पोर तसंच वाढवलं. शेवटाला त्याच्या पायाशी उभी राहिली, पळून गेली न्हाय.” रिक्षा सिग्नलला थांबली. पूर्णिमा बाहेर बघत बोलत होती. “मला तवर वाटायचं, देव वर कुठंतरी हाय आणि त्यानं माझा पोरगा नेला. तिथं मला कळलं की देवच पोरगा होऊन आला आणि मेला. म्हंजे माझं काय झालं हे त्याला कुणी सांगायला नको. आणि तिथंच संपलं न्हाय, तो उठला असं ती म्हणत्यात. हे मी अजून धरू बघतीया. कधी धरतं, कधी सुटतं.”

“आणि वाट बघायचं?”

“मी पण फाटकाकडं बघत बसलेलीच हुते की. पर मी बघत हुते ते येणार नव्हतं. ही माणसं बघत्यात त्यांना वाटतं, येणारच हाय. तोंडं बघितलीसा त्यांची?”

धोंडुबाईनं बघितली होती. तिला भावाला जाऊन काय सांगायचं ते ठरवायचं होतं आणि रिक्षा बावड्याच्या रस्त्याला लागली तरी ते ठरत नव्हतं.

*

पाहुणे वेळेच्या बरेच आधी आले. कागलाकडचे जोतीराम आणि त्यांची बायको वैजयंता. मुलगी प्रेरणा घरीच होती. घर पसंत पडलं तर आजच सुपारी फोडायची, असं फोनवर ठरलेलं. जोतीराम शाळेतून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे. वैजयंता कमी बोलत होती आणि जास्त बघत होती.

कृष्णातनं त्यांना गोठा दाखवला, वरची खोली दाखवली. खाली येऊन बसल्यावर वैजयंतानं विचारलं, “विहीणबाई कुठं दिसत न्हाईत?”

कृष्णातनं बापाकडं पाहिलं. काय सांगायचं हे ठरलंच नव्हतं, कारण आई यायच्या आधी हे येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं आधीची दोन स्थळं आली. पुन्हा कधी न वाजलेला फोन दिसला.

“आई आणि आत्या जोतिबाला गेल्यात,” तो म्हणाला. “आज रविवार की.”

“वा,” जोतीराम म्हणाले. “चांगल्या कामाच्या दिवशी दर्शन. मग प्रसाद घेऊनच उठू.”

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या क्रांतीच्या हातात कप वाजले. वैजयंतानं ते ऐकलं.

पुढच्या पाव तासात फाटक वाजलं. कृष्णात उठून दाराकडं जाईपर्यंत धोंडुबाई आणि पूर्णिमा आत आल्या होत्या. पूर्णिमानं हात जोडले. “लवकर आलासा. बरं झालं. मला जरा उशीर झाला.”

वैजयंता तिच्या चेहऱ्याकडं बघत होती. “गर्दी हुती काय डोंगरावर?”

पूर्णिमाला प्रश्न कळला नाही. “कुठल्या डोंगरावर?”

“जोतिबाच्या.” वैजयंता जरा थांबली. “गुलाल लावला न्हाईसा कपाळाला?”

जोतिबाला जाऊन येणाऱ्या माणसाच्या कपाळावर, कपड्यांवर, केसात गुलाल असतोच. इथं दोघींचीही कपाळं साधी, नेहमीच्या कुंकवापलीकडं कोरी. कृष्णात भिंतीकडं बघायला लागला. उदयसिंहानं बहिणीकडं पाहिलं, आणि त्याच्या बघण्याचा अर्थ धोंडुबाईला नीट कळला. एक वाक्य पुरलं असतं. ‘गर्दीमुळं पायथ्यावरनंच परत फिरलो.’ ते तिच्या जिभेवर आलंही होतं. तिनं ते बोलायला म्हणून तोंड उघडलं, भावजयीकडं पाहिलं आणि म्हणाली, “पूर्णिमा, तूच सांग.”

पूर्णिमानं एकदा मुलाकडं पाहिलं. तिला झालेला प्रकार कळला होता. “आम्ही जोतिबाला गेलतो न्हाय,” ती म्हणाली. “चर्चमधी गेलतो. मी दर रविवारी जाते. वन्सं आज पहिल्यांदाच आल्या, बघायला म्हणून. पोरगं खोटं बोललं ते माझ्यापायी. त्याला वाईट समजू नका.”

जोतीरामांनी कप खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही धर्म बदललात?”

“बाप्तिस्मा घेतला न्हाय अजून. पर विचारता म्हणून सांगते, मी येशूला मानते. ह्यांनी मानावं, पोरानं मानावं, असं माझं काय म्हणणं न्हाय. देव्हारा तिथंच हाय. सकाळी ह्यांची पूजेची फुलं मीच काढून ठेवते.”

“आणि आमच्या मुलीनं?”

“ती तिच्या देवाला जाईल. मी तिच्या हातात ताट देईन.”

जोतीराम रागावले नव्हते. पण शिक्षकासमोर अवघड गणित आल्यावर त्याचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. “मला एक विचारायचंय,” ते शेवटी म्हणाले. “राग मानू नका. तुम्हाला तिथं मिळालं काय?”

कृष्णातला वाटलं, आता आई ते सगळं सांगणार, येशू आणि क्रूस आणि प्रार्थना, आणि सगळं संपणार.

पूर्णिमानं क्रांतीकडं बोट दाखवलं. “ही माझी थोरली सून. माझा पोरगा हिला आणायला गेला आणि वाटंत गेला. मी हिच्याशी तीन वर्षं बोलले नव्हते. एका घरात, एका चुलीवर. आता बोलते. एवढंच मिळालं.”

क्रांतीनं मान खाली घातली. उदयसिंह उठून खिडकीपाशी गेला. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती आणि घराबाहेर ती आजवर कुणी उच्चारली नव्हती.

जोतीराम उभे राहिले. “घरी जाऊन विचार करतो,” ते म्हणाले. “कळवतो.”

हे ‘कळवतो’ कृष्णातच्या ओळखीचं होतं. त्यानं पाहुण्यांना नमस्कार केला आणि ते दाराबाहेर पडताच आईकडं वळला. “एक वाक्य, आई. एकच वाक्य खोटं बोलली असतीस.”

“व्हय,” पूर्णिमा म्हणाली. “मला कळतंय तुझं काय गेलं ते. पर प्रेरणानं हितं यायचं आणि मग तिला कळायचं, की सासूनं पहिल्या दिवशी खोटं सांगितलं? मग ती मला कधी खरं मानंल?”

कृष्णात गोठ्याकडं निघून गेला.

*

पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला क्रांती गेली, कारण दुसरं कुणी हललंच नाही. जोतीराम पुढं गाडीकडं गेले. वैजयंता फाटकात थांबली. तिनं मागं वळून घराकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

“खरं सांगशील का एक? तुझी सासू आत हाय, ऐकत न्हाय.”

“विचारा की.”

“आमच्या कानावर हुतं. ह्या घरात सासू सुनंशी बोलत न्हाय म्हणून. आधीची दोन स्थळं त्याच्यापायीच फिरली, म्हाईत हाय तुला?”

क्रांतीला माहीत नव्हतं. तिच्या हातातलं फाटक तसंच अर्धं उघडं राहिलं.

“ह्यांना मी सांगितलं न्हाय ते,” वैजयंता म्हणाली. “मी म्हटलं, आपण डोळ्यांनी बघू. आता ह्यांना धर्माची काळजी पडलीया. मला माझ्या पोरीची हाय. तू सांग. तुझी बहीण असती, तर हितं दिली असतीस?”

क्रांतीला ती तीन वर्षं आठवली. स्वयंपाकघरात सासू आली की आपण कोपऱ्यात सरकायचो ते. काही हवं असलं की सासू भांडं आपटून ठेवायची, म्हणजे ते भरायचं. काही सांगायचंच असलं तर निरोप कृष्णातभावजींकडून यायचा. माहेरी परत जायचा विचार तिनं कितीदा केला, पण गेलो तर आपण चूक कबूल केली असं होईल म्हणून ती राहिली होती. आणि मग दिवाळीच्या फराळाच्या वेळी, चकलीचं पीठ मळताना, पाठीमागून आवाज आला होता, “क्रांती, मीठ जरा बेतानं घाल. तुझ्या मामंजींचं बीपी वाढलंय.” तीन वर्षांतलं पहिलं वाक्य. क्रांतीनं मीठ बेतानं घातलं, हात धुतले आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगाला टेकून रडली. थोड्या वेळानं सासू तिथं आली. काही बोलली नाही. शेजारी उभी राहिली.

“दिवाळीच्या आधी विचारलं असतासा,” क्रांती म्हणाली, “तर मी म्हटलं असतं, देऊ नका.”

“आणि आता?”

“आता तुम्ही विचारलासा तवा मी आधी बहिणीचं नाव मनात घेतलं. आणि भीती वाटली न्हाय.”

वैजयंता तिच्याकडं बघत राहिली. “ती तुला काय म्हणाली? चुकलं बिकलं म्हणाली का?”

“म्हणाली. एकदाच. परत परत म्हणत न्हाय. पर रोज सकाळी माझा चहा ओतून ठेवती.”

“आणि चर्चला चल म्हणती?”

“एकदा मीच विचारलं, येऊ का म्हणून. म्हणाली, तुला यावंसं वाटंल तवा ये, मला बरं वाटावं म्हणून येऊ नको.”

गाडीतून जोतीरामांनी हाक मारली. “चला, उशीर होतोय.”

वैजयंतानं त्यांना हातानं थांबायची खूण केली. “अहो, खाली उतरा.”

“का?”

“उतरा म्हणते ना. सुपारी पिशवीतच हाय.”

जोतीराम उतरले. नवरा-बायकोचं गाडीपाशी थोडं बोलणं झालं. क्रांतीला सगळं ऐकू आलं नाही. जोतीराम हात हलवून काही समजावत होते. वैजयंता एकाच वाक्यावर अडून होती, आणि तेवढं मात्र फाटकापर्यंत ऐकू आलं. “खोटं बोलायची संधी हुती तिला. सगळ्यांनी हातात दिलती. बोलली न्हाय. मला हे घर कळलं.”

“पण लोक विचारतील.”

“विचारतील की. ती सांगंल. तिला सांगता येतंय.”

जोतीरामांनी घराकडं पाहिलं, मग बायकोकडं. “मला सगळं पटलेलं नाही,” ते म्हणाले. “पुढं माझे प्रश्न असतील.”

“तुम्हाला कधी नसतात?”

त्यांना परत आत येताना बघून उदयसिंह खिडकीपासून वळला. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही. वैजयंतानं पिशवीतून सुपारी आणि हळद-कुंकवाचा पुडा काढून पाटावर ठेवला, तेव्हा त्याचं त्याला कळलं. धोंडुबाई गोठ्याच्या दाराशी जाऊन ओरडली, “कृष्णात, हात धू आणि ये. पावणं फिरून आल्यात.” मग भावाजवळ येऊन ती हलकेच म्हणाली, “मी तुला काय सांगणार? तुझ्या व्याह्यांनीच विचारलं बघ. काय मिळालं म्हणून, आणि हिनं सांगितलं. मी तिथं जाऊन बघून आले. वाईट काय दिसलं न्हाय. पुढचं तू तुझं बघ. पुढच्या रविवारी जाऊन ये पाहिजे तर.”

“मी?”

“बाहेर बस गाडीत. कोण काय म्हणंना.”

उदयसिंहानं पाटासमोर बसून बत्ता हातात घेतला. कृष्णात ओल्या हातानं येऊन शेजारी बसला. आईकडं बघायचं त्यानं टाळलं. तिनंच पुढं होऊन त्याच्या शर्टाला लागलेली वैरणीची काडी काढली, तेव्हा तो तसाच बसून राहिला, सरकला नाही.

“तुमचा नाताळ कधी असतोय?” वैजयंतानं मधेच पूर्णिमाला विचारलं.

“पंचवीस तारखेला.”

“मग त्या दिवशी आमच्या प्रेरणाला काय काय करायला लागंल? आधी सांगून ठेवा. नंतर नको.”

पूर्णिमानं खरोखरच विचार केला. “जेवायला लागंल,” ती म्हणाली. “मी पुरणपोळ्या करते म्हणून सिस्टरांना सांगून बसलीया. पंचवीस माणसांच्या. मला तर दहाच्या वर लाटायला जमत न्हाईत.”

आणि बोलता बोलता ती हसली. मोठ्यानं नाही, पण आवाज फुटला. वैजयंता तिच्याबरोबर हसली. धोंडुबाईही हसली. क्रांतीनं तोंडावर पदर घेतला.

उदयसिंहाचा बत्त्याचा हात वर उचललेला तसाच थांबला. पाहुणे वाट बघत होते. जोतीराम हळूच म्हणाले, “व्याही, सुपारी.” पण तो बायकोकडं बघत होता. तीन वर्षांत तो आवाज त्यानं ऐकला नव्हता, आणि तो कसा असतो हेच तो विसरला होता. त्याला पुन्हा ऐकायचा होता. त्यानं पुष्कळ वेळ वाट पाहिली. मग बत्ता खाली आणला, आणि सुपारी पहिल्याच घावाला फुटली.